गुण कशाने आला?

आपल्याकडे एखाद्याला बरे वाटले की ‘गुण आला’ असे म्हणतात, आणि त्या गुणाचे श्रेय पुष्कळदा औषधापेक्षा ते देणाऱ्याच्या हाताला मिळते. अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, सातपुड्याच्या पायथ्याच्या तमक्या भगताच्या उताऱ्याने फरक पडला, अशी वाक्ये खानदेशातल्या कोणत्याही घरात सहज ऐकू येतात. शरीराच्या आजारात निदान रक्ताचा अहवाल किंवा एक्स-रे अशी काही साक्ष तरी हाताशी असते. मनाच्या आजारात, आणि त्यातही केवळ संवादातून होणाऱ्या उपचारांत, तीही नसते. दोन माणसे आठवड्यातून एकदा पाऊण तास एका खोलीत बोलतात आणि काही महिन्यांनी त्यांतल्या एकाला बरे वाटू लागते. तो गुण वापरलेल्या पद्धतीने आला, बोलणाऱ्याच्या हातगुणाने आला, की नुसता काळ गेल्याने आला, हे ओळखण्यासाठी मानसशास्त्राने गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत कोणती साधने तयार केली आणि त्यांचा उपयोग धुळे, जळगाव किंवा नंदुरबार येथे बसलेल्या समुपदेशकाने कसा करावा, हा या लेखाचा विषय आहे.

येथे ‘मानसोपचार’ हा शब्द मी बोलण्यातून होणाऱ्या, लोक ज्याला ‘काउन्सेलिंग’ किंवा ‘थेरपी’ म्हणतात त्या उपचारांसाठी वापरत आहे. औषधे लिहून देणारे ते मनोविकारतज्ज्ञ; त्यांचे काम वेगळे आहे. अनेकदा दोन्ही उपचार एकाच वेळी चालतात, हे खरे असले तरी औषधांच्या चाचण्यांचा विचार या लेखात केलेला नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाची कापणीला आलेली बाग वादळी पावसात आडवी झाली. त्यानंतर दोन महिने त्याला झोप नाही, भूक मेली आहे, वावरात पाऊल टाकावेसे वाटत नाही आणि घरच्यांशी बोलणे तुटले आहे. जुलैमध्ये त्याचा मेहुणा त्याला समुपदेशकाकडे आणतो. सप्टेंबरअखेर तो पुन्हा शेतात जाऊ लागतो, हसतो, जेवतो. समुपदेशकाला वाटते की आपल्या आठ बैठकींनी हे घडले, शेतकऱ्यालाही तसेच वाटते आणि मेहुणा तर चार गावांत तसे सांगत सुटतो. तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. तरीही मधल्या काळात विम्याचे पैसे जमा झालेले असू शकतात, नवी लागवड उभी राहिलेली असू शकते, किंवा बहीण महिनाभर माहेरी येऊन राहिल्याने घराला जाग आलेली असू शकते. शिवाय माणूस मदतीला येतो तो बहुधा त्रास शिगेला पोहोचला असतानाच, आणि शिगेला पोहोचलेली गोष्ट काही काळाने आपोआपही थोडी खाली उतरते. त्याच वेळी जो कोणी जवळ असेल, मग तो समुपदेशक असो, भगत असो की गोळ्या देणारा, श्रेय त्याच्या पदरात पडते.

हा संशय जाहीरपणे आणि बराचसा उद्धटपणे मांडला तो हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञाने. इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या आयझेंकने १९५२ साली एक छोटा लेख लिहून असा दावा केला की चिंता, उदासी यांसारख्या विकारांचे सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण मानसोपचार मिळो वा न मिळो, दोन वर्षांच्या आत सुधारतात. म्हणजे मानसोपचाराने काही साधते याचा पुरावा नाही. त्याच्या हिशेबात मोठी खोट होती. ज्यांना त्याने ‘उपचार न मिळालेले’ म्हटले त्यांतले काही रुग्णालयात दाखल होते आणि काहींवर सामान्य डॉक्टर लक्ष ठेवून होते, त्यामुळे तुलना समान माणसांची नव्हती. पण ‘आमच्याकडे लोक बरे होतात’ एवढे सांगून यापुढे कोणत्याही मानसोपचारकाची सुटका होणार नव्हती, आणि माझ्या मते आयझेंकच्या चुकीच्या आकड्यांनी या क्षेत्राचे जेवढे भले केले तेवढे अनेकांच्या बरोबर आकड्यांनीही केले नाही.

समान तुलना कशी करायची याचे उत्तर मात्र मानसशास्त्राला शेतीकडून मिळाले, आणि खानदेशातल्या वाचकाला ते समजावून सांगायला फार सायास पडू नयेत. कृषी सेवा केंद्रातला विक्रेता एखादे नवे खत दाखवून म्हणतो की गेल्या वर्षी ज्यांनी हे टाकले त्यांचा कापूस जोरात आला. अनुभवी शेतकरी लगेच विचारतो की त्यांची जमीन कोणती होती, पाणी किती होते आणि पाऊस कधी पडला. म्हणूनच डेमो प्लॉटमध्ये एकाच वावराचे पट्टे पाडून काहींत खत टाकतात आणि काहींत टाकत नाहीत. जळगावात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्र आहे. तिथल्या प्रयोगांचीही मूळ कल्पना हीच. यात एक बारकावा राहतो. खताचा पट्टा कोणता हे माणसाने ठरवले तर त्याचा हात नकळत चांगल्या मातीकडे जातो. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात १९२० च्या दशकात काम करताना रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने यावर तोडगा काढला. कोणत्या पट्ट्यात काय टाकायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, म्हणजे चांगली माती, वाईट माती, उंचवटा, खोलगट भाग हे सारे दोन्ही बाजूंना सारखेच वाटले जाते, आणि ज्या गोष्टी आपल्याला ठाऊकच नाहीत त्याही. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी याच रीतीने झाली आणि ही पद्धत वैद्यकात रुळली. पुढे मानसोपचारानेही ती स्वीकारली. त्रास असलेल्या दोनशे माणसांची चिठ्ठ्यांनी दोन गटांत वाटणी करायची, एका गटाला तपासायची पद्धत द्यायची आणि दुसऱ्याला नेहमीची काळजी, मग दोन्ही गटांचे मोजमाप अशा माणसाकडून करवून घ्यायचे की ज्याला कोण कोणत्या गटात आहे हे ठाऊक नाही. वरच्या उदाहरणातले विम्याचे पैसे, बहिणीचे येणे, काळाचे जाणे हे सारे मग दोन्ही गटांत सारखेच राहते, आणि शेवटी जो फरक उरतो त्याचे श्रेय उपचाराला देता येते.

अशा अभ्यासांची संख्या वाढली तेव्हा मेरी स्मिथ आणि जीन ग्लास या अमेरिकन संशोधकांनी १९७७ मध्ये सुमारे ३७५ अभ्यास एकत्र करून त्यांचा एकच हिशेब मांडला. उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती उपचार न घेतलेल्या ७५ टक्के व्यक्तींपेक्षा बऱ्या स्थितीत असते, असे त्यांना आढळले. आयझेंकच्या आरोपाला हे ठोस उत्तर होते. पण त्याच हिशेबातून दुसरी, जरा गैरसोयीची गोष्टही पुढे आली, ती अशी की वेगवेगळ्या संप्रदायांच्या पद्धतींत परिणामाच्या दृष्टीने फारसा फरक दिसत नव्हता. प्रत्येक संप्रदायाचा आग्रह आपलीच वाट खरी असा होता, आणि आकडे सांगत होते की बहुतेक वाटा जवळपास सारख्याच अंतरावर पोहोचतात.

तर मग हातगुणच खरा का? काही प्रमाणात, होय. उपचार देणारा आणि घेणारा यांच्यातले नाते कितपत जुळले आहे आणि शेवटी किती फरक पडला, यांचा परस्परसंबंध २०१८ मध्ये २९५ अभ्यासांच्या आधारे तपासला गेला. तो ठाम आणि पुन्हापुन्हा आढळणारा होता, पण सर्वव्यापी नव्हता. माणसामाणसांच्या परिणामांत जो फरक पडतो त्याचा साधारण आठ टक्के भाग या नात्याशी जोडता येतो. एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये या नात्याची फोड तीन भागांत केली होती. कुठे पोहोचायचे यावर दोघांचे एकमत, तिथे जाण्यासाठी काय करायचे यावर एकमत, आणि परस्परांविषयी विश्वास. ही फोड मला महत्त्वाची वाटते, कारण तिने हातगुणातले गूढ काढून टाकले. हातगुण म्हणजे जन्मजात देणगी असेल तर बोलणेच खुंटले. पण तो जर ‘आपण नेमके कशासाठी भेटत आहोत’ हे दर दोन-तीन बैठकींनंतर विचारण्याच्या सवयीत असेल, तर तो शिकता येतो आणि तपासताही येतो.

दुसऱ्या बाजूने, काही त्रासांत पद्धतीचा वाटा उघड दिसतो. समजा, चाळीसगावच्या एका शिक्षिकेला कन्नड घाटात एसटीमध्ये एकदा अचानक छातीत धडधडले, श्वास कोंडला, आता मरणार असे वाटले. तपासण्यांत हृदय ठणठणीत निघाले. तेव्हापासून ती घाट टाळते, मग बस टाळते, मग एकटीने बाहेर पडणेही टाळते. तिला धीर देणारा, तिचे शांतपणे ऐकून घेणारा समुपदेशक तिला आवडेल आणि नातेही छान जुळेल. तरीही नुसते धीर देणे तिच्या उपयोगाचे नाही, कारण टाळण्यामुळेच तिची भीती जिवंत राहते. प्रत्येक वेळी घाट टाळला की मनाला वाटते, ‘टाळला म्हणून वाचलो.’ अशा भीतीवर ज्या पद्धतीचा पुरावा सर्वांत भक्कम आहे तिच्यात भीतीला पायरीपायरीने सामोरे जावे लागते. आधी स्थानकात उभ्या बसमध्ये बसायचे, मग घाटाच्या पायथ्यापर्यंत सोबतीने जायचे, मग घाट चढायचा आणि शेवटी एकटीने. धडधड सुरू झाली तरी उतरायचे नाही. ती वर चढते, थांबते आणि ओसरते, हे शरीराला स्वतः पाहू द्यायचे. गंमत अशी की उपचार देणारेच ही पद्धत टाळतात. समोरच्याला मुद्दाम घाबरवणे त्यांना निर्दयपणाचे वाटते, म्हणून ते दीर्घ श्वासाचे व्यायाम शिकवून थांबतात. टाळण्याचा आजार अशा वेळी खुर्चीच्या दोन्ही बाजूंना असतो.

चांगुलपणा आणि उपयुक्तता यांतला फरक दाखवणारे याहून बोलके उदाहरण एका सार्वत्रिक समजुतीचे आहे. मोठा अपघात, जळीत किंवा दरोडा यांतून वाचलेल्या माणसाने लवकरात लवकर सगळे बोलून टाकले तर मन मोकळे होते आणि पुढचा मानसिक आघात टळतो, असे आपल्याकडेच नव्हे तर पाश्चात्त्य देशांतही मानले जाई. १९८० च्या दशकापासून तिकडे याची रीतसर पद्धतच झाली. घटनेनंतर काही दिवसांतच एकदा बसवायचे आणि काय घडले, काय वाटले, काय दिसले हे तपशिलाने बोलते करायचे. ऐकायला यात वावगे काहीच नाही. मग वेल्समधल्या कार्डिफ येथे भाजलेल्या रुग्णांवर चिठ्ठ्यांच्या वाटणीने चाचणी झाली. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत, तेरा महिन्यांनी आघातोत्तर तणावाचा विकार बोलते केलेल्यांपैकी २६ टक्क्यांना होता आणि तसेच सोडलेल्यांपैकी ९ टक्क्यांना. दोन गटांत सुरुवातीला थोडा फरक होता, त्यामुळे एका चाचणीवर सारा भार टाकता येत नाही; पण अशा सर्व चाचण्यांचा नंतर एकत्र विचार झाला तेव्हाही या एकवेळच्या सक्तीच्या बैठकीने विकार टळतो असे दिसले नाही आणि ती सर्रास वापरू नये असा सल्ला दिला गेला. महामार्गावर मोठा अपघात झाल्यावर गावात जाणाऱ्या स्वयंसेवकाने त्यामुळे आज काय करावे? जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचारांची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात पाणी, निवारा, नातेवाईकांशी संपर्क, खरी माहिती आणि माणूस स्वतःहून बोलला तर ऐकणे यांवर भर आहे. बोलण्याचा आग्रह धरू नये असे ती स्पष्ट सांगते. तिच्यामागेही चाचण्यांपेक्षा तज्ज्ञांचे एकमतच अधिक आहे, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

संशोधनाचे आकडे वाचताना त्यांच्याही खोड्या ठाऊक हव्यात. अनेक चाचण्यांत तुलनेचा गट म्हणजे नुसती प्रतीक्षायादी असते, आणि ‘तीन महिन्यांनी तुमचा नंबर लागेल’ असे सांगितलेला माणूस त्या तीन महिन्यांत स्वतः काही करायचे थांबवतो, म्हणून त्याच्या तुलनेत कोणताही उपचार उजळ दिसतो. ज्याने पद्धत शोधली त्यानेच ती तपासली तर निकाल तिच्या बाजूने झुकतो. आणि न जमलेल्या प्रयोगांची बातमी होत नाही. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने १९७२ ते २००८ या काळात नैराश्यावरील मानसोपचाराच्या ज्या ५५ चाचण्यांना पैसे दिले, त्यांतल्या १३ चाचण्यांचे निकाल छापलेच गेले नाहीत. ते शोधून हिशेबात धरले तेव्हा मानसोपचाराचा परिणाम आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी भरला. तो शून्य झाला नाही, हे महत्त्वाचे. पण जाहिरातीतला आणि वावरातला उतारा सारखा नसतो, हे कापूस पिकवणाऱ्याला नव्याने सांगायला नको.

मग संशोधनाच्या आधारे काम करायचे म्हणजे नेमके काय करायचे? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००५ मध्ये स्वीकारलेल्या धोरणात याची जी व्याख्या केली तिला तीन पाय आहेत. उपलब्ध असलेले उत्तम संशोधन हा पहिला, उपचार देणाऱ्याचे कसब हा दुसरा, आणि येणाऱ्या व्यक्तीचे स्वभाव, संस्कृती व पसंती हा तिसरा. आपल्याकडे या व्याख्येचा वापर दोन चुकीच्या तऱ्हांनी होतो. काहीजण पहिला पायच धरतात आणि परदेशी पुस्तिकेतला प्रत्येक तक्ता क्रमाने भरून घेतात, मग समोरचा माणूस अर्ध्यातच येणे बंद करतो. काहीजण दुसऱ्या पायावर उभे राहून ‘माझा वीस वर्षांचा अनुभव आहे’ असे सांगतात. महाराष्ट्रात तर एखादी पद्धत लोकप्रिय होण्याचे कारण पुष्कळदा तिच्याविषयी मराठीत कोणी चांगले लिहिले, हे असते. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, अविवेकी विचार तपासून बदलायला शिकवणारी विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे आणि प्रशिक्षणामुळे इथे घरोघरी पोहोचली. तिच्याच जवळची, विचार आणि वर्तन दोन्ही बदलण्यावर भर देणारी ॲरन बेक यांची पद्धती कितीतरी अधिक चाचण्यांतून गेली असूनही सामान्य मराठी वाचकाला ती तुलनेने अनोळखी आहे. यात कोणाचा दोष नाही, पण ओळखीचे आणि सिद्ध झालेले हे दोन वेगळे शब्द आहेत.

तिसऱ्या पायाचा प्रश्न खानदेशात सर्वांत टोकदार होतो. लंडन आणि फिलाडेल्फिया येथे तपासलेली पद्धत यावल किंवा तळोद्याला लागू पडेल हे कशावरून? इथे उत्तर अंदाजाने देण्याची गरज उरलेली नाही, कारण भारतातच चांगल्या चाचण्या झाल्या आहेत. गोव्यात ‘संगत’ या संस्थेसोबत विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, बऱ्याच तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांची चिठ्ठ्यांनी वाटणी केली. एका गटाला सुधारित नेहमीची काळजी मिळाली आणि दुसऱ्याला त्यासोबत सहा ते आठ बैठकींचा एक संक्षिप्त मानसोपचार. तो देणारे मानसशास्त्रज्ञ नव्हते. मानसिक आरोग्याचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेली, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेली स्थानिक माणसे होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार तीन महिन्यांनी उपचार गटातले ६४ टक्के आणि दुसऱ्या गटातले ३९ टक्के लोक नैराश्याच्या मर्यादेखाली आले होते. त्यात वापरलेली पद्धत फार गहन नाही. उदास माणूस कामे टाळतो, टाळल्याने आनंदाचे आणि कर्तृत्वाचे प्रसंग घटतात, त्यामुळे उदासी वाढते; ही साखळी तोडण्यासाठी मनःस्थिती सुधारण्याची वाट न पाहता ठरवलेल्या वेळी ठरवलेले छोटे काम करायचे. त्या रावेरच्या शेतकऱ्याच्या बाबतीत, सकाळी सातला उठून बांधापर्यंत जाऊन यायचे, मंगळवारी पारावर दहा मिनिटे बसायचे, धाकट्या मुलीला शाळेत सोडायचे, असा तो आराखडा असेल. अमेरिकेत १९९६ मध्ये सुमारे दीडशे रुग्णांवरच्या अभ्यासात असे दिसले होते की विचार बदलण्याचे सगळे कसब बाजूला ठेवून केवळ कृतीचा हा भाग दिला तरी परिणाम जवळपास तेवढाच मिळतो, आणि २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या ४४० रुग्णांच्या चाचणीतही, कमी प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दिलेला हा साधा उपचार प्रशिक्षित थेरपिस्टांच्या विचारकेंद्री उपचाराहून कमी पडला नाही.

आणखी जवळचे उदाहरण अमरावती जिल्ह्याचे आहे. कापसाच्या पट्ट्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ या उपक्रमाने स्थानिक कार्यकर्त्यांमार्फत मानसिक आरोग्याची सेवा नेली, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. पीक तेच, कर्जाचे चक्र तेच, भाषा जवळपास तीच. म्हणून खानदेशातल्या कोणत्याही नियोजनाला परदेशी आकड्यांपेक्षा हा आकडा अधिक कामाचा आहे. गरज किती मोठी आहे याचा अंदाज २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणावरून येतो. महाराष्ट्र त्यातल्या बारा राज्यांत नव्हता, पण खानदेशाचे दोन्ही शेजारी, गुजरात आणि मध्य प्रदेश, त्यात होते. आणि देशपातळीवर नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत असे त्यात आढळले.

भाषेचा मुद्दा मात्र चाचण्यांनी आपोआप सुटत नाही. अहिराणी बोलणारी बाई ‘मला नैराश्य आले आहे’ असे कधीच म्हणणार नाही. ‘जीव घाबरस’, ‘मन लागत नही’, हातपाय गळाले, डोके भणभणते, असे ती सांगेल, आणि तेही बहुधा गुडघेदुखीची गोळी मागता मागता. झिंबाब्वेतल्या एका नामांकित उपक्रमाने, ज्यात आजीबाई झाडाखालच्या बाकावर बसून समुपदेशन करतात, नैराश्यासाठी ‘फार विचार करणे’ या अर्थाचा स्थानिक शब्दच वापरला आणि २०१६ च्या चाचणीत त्याचे चांगले परिणाम दिसले. आपल्याकडे छापील मराठीतली प्रश्नावली पावरा किंवा भिल्ल कुटुंबातल्या माणसापुढे ठेवून आलेला आकडा खरा मानणे म्हणजे मापच न तपासता धान्य मोजणे होय. प्रश्न त्याच्या बोलीत विचारून त्याला काय समजले हे त्याच्याच शब्दांत पुन्हा ऐकून घेणे, हे संशोधनापासून दूर जाणे नव्हे. संशोधनाचा निष्कर्ष इथे लागू करण्याची तीच रीत आहे.

आता शेवटच्या आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भागाकडे येतो. चाचणी सरासरीविषयी बोलते. ६४ टक्के बरे झाले म्हणजे ३६ टक्के झाले नाहीत, आणि समोर बसलेला माणूस कोणत्या बाजूचा हे कोणतीही चाचणी सांगत नाही. ते उपचार सुरू असतानाच मोजावे लागते. ‘मला ते न मोजताही कळते’ असे जवळपास प्रत्येक समुपदेशक म्हणतो, आणि मीही अनेक वर्षे म्हणत होतो. या आत्मविश्वासाची २००५ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात परीक्षा झाली. ५५० व्यक्तींपैकी कोणाची स्थिती उपचाराअखेर आणखी बिघडलेली असेल, हे त्यांच्या थेरपिस्टांना विचारले गेले. साधारण आठ टक्के लोकांची बिघडते हे त्यांना आधीच सांगितलेले होते. त्यांनी तीन नावे सांगितली. प्रत्यक्षात चाळीस जणांची स्थिती बिघडली. २०१२ मध्ये १२९ व्यावसायिकांना स्वतःच्या कौशल्याला गुण देण्यास सांगितले, तेव्हा एकानेही स्वतःला सरासरीपेक्षा खाली ठेवले नाही. यात लबाडी नाही. जो बिघडतो तो बहुधा येणे बंद करतो, आणि न आलेल्या माणसाकडून कोणी काही शिकत नाही.

मोजण्याचे साधन अवघड किंवा महाग असण्याची गरज नाही. पीएचक्यू-नाइन ही २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली नऊ प्रश्नांची प्रश्नावली मोफत आहे. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, रस, एकाग्रता इत्यादींचा त्रास किती दिवस झाला यावर प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण मिळतात, म्हणजे एकूण शून्य ते सत्तावीस. दहा किंवा अधिक गुण आले तर नैराश्याचा गांभीर्याने विचार करावा, आणि पाच गुणांची घट ही अर्थपूर्ण सुधारणा समजली जाते. नववा प्रश्न मरणाच्या विचारांविषयी आहे. एकूण बेरीज कितीही कमी असली तरी त्याचे उत्तर शून्य नसेल तर त्याच बैठकीत त्याविषयी थेट बोलले पाहिजे. अशी मोजणी दर बैठकीच्या सुरुवातीला करून ती थेरपिस्टाला दाखवली, तर ज्यांची गाडी रुळावरून घसरत आहे अशांचे परिणाम सुधारतात, असे मायकेल लॅम्बर्ट आणि इतरांच्या अभ्यासांत दिसले आहे.

रावेरच्या त्या शेतकऱ्याचा आकडा पहिल्या दिवशी एकोणीस होता असे समजा. चार बैठकींनंतर तो अठरा आहे. तो मात्र प्रत्येक वेळी ‘बरं वाटतं, साहेब’ म्हणतो, कारण इतक्या लांबून बसने येणाऱ्या आपल्यासाठी ज्या समुपदेशकाने वेळ दिला त्याला नाराज करणे त्याला पटत नाही. आकडा नसता तर समुपदेशकाने तेच खरे मानले असते. आता त्याला थांबून विचारावे लागते. ठरवलेली कामे होत आहेत का? रात्री दारूचे प्रमाण वाढले आहे का? थायरॉइड, रक्तक्षय किंवा मधुमेह तपासला आहे का? सावकाराचा तगादा ही खरी अडचण असून आपण मनाचाच विचार करत बसलो आहोत का? औषधांसाठी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायला हवे का? धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये असल्याने हा शेवटचा प्रश्न पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. यांतले कोणते उत्तर बरोबर ठरेल हे संशोधन सांगत नाही. प्रश्न विचारायची वेळ आली आहे एवढे ते सांगते, आणि तेही सहाव्या महिन्यात नव्हे, चौथ्या आठवड्यात.

मदत घेणाऱ्यानेही काही गोष्टी विचाराव्यात आणि त्यात संकोच मानू नये. माझ्या त्रासाला तुम्ही काय म्हणता, त्यावर कोणती पद्धत वापरणार आहात आणि ती याच त्रासावर तपासली गेली आहे का, साधारण किती बैठकींत फरक दिसायला हवा, आणि नाही दिसला तर आपण काय करू, हे चार प्रश्न पहिल्याच भेटीत विचारता येतात. भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारणे हा अविश्वास नव्हे. फार घाई असेल, रात्र असेल किंवा गावात कोणीच नसेल, तर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. प्रश्न विचारल्यावर जो समुपदेशक चिडतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. जो म्हणतो, ‘चार बैठका करू, मोजू, आणि उपयोग नसेल तर मीच तुम्हाला पुढे पाठवीन,’ त्याच्याकडे पाचव्या बैठकीलाही जाण्यास हरकत नाही, मग त्याच्या दवाखान्याची पाटी कितीही लहान असो.